रेडिओवरचा शहाणा नवरा

रेडिओच्या दिवसांबद्दल कोणी विचारलं की मी खुशाल बोलत सुटतो. मुलुंडच्या आमच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर माझे ते किस्से आता सगळ्यांना पाठ आहेत. माइकसमोर पानं उलटताना आवाज होऊ नये म्हणून आम्ही टाचणी काढून सुटे कागद कसे हातात धरायचो, लहान बाळाच्या रडण्यासाठी एक पन्नाशीच्या बाई कशा यायच्या आणि तोंडावर पदर धरून असं रडायच्या की काचेपलीकडचा माणूससुद्धा दचकायचा, हे सगळं मी सांगतो. लोक हसतात, मीही हसतो. पण कोणी विचारलं, ‘आणि तो गोपाळ?’ तर मी चहा मागवतो. हे प्रकरण लिहायचंही मी अनेक वर्षं टाळलं. सुरुवात करायचो आणि स्टुडिओचं वर्णन झालं की कागद बाजूला ठेवायचो. आता ज्यांना वाईट वाटेल अशी माणसं फारशी उरलेली नाहीत, आणि ज्यांना सांगायला हवं होतं तीही नाहीत. म्हणून लिहितो.

आम्ही तेव्हा घाटकोपरला भटवाडीत, टेकडीच्या उतारावरच्या एका बैठ्या चाळीत राहत होतो. एक खोली, तिच्यातच मोरी आणि वर माळा. गिरणी बंद पडल्यावर बाबा गावी निघून गेले होते. आई इथेच राहिली, कारण दादाची मुलं लहान होती. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ शांताराम, विक्रोळीच्या एका कारखान्यात तापलेलं लोखंड ठोकायच्या खात्यात होता. तो माझ्याहून बराच मोठा आणि अंगाने दणकट. चाळीच्या गणपतीची मूर्ती दर वर्षी तोच डोक्यावरून आणायचा, कोणाला हात लावू द्यायचा नाही. वैनी देवगडकडची. तिचा दिवस स्टोला पंप मारण्याच्या आवाजाने सुरू व्हायचा आणि मोरीत भांडी पालथी घालण्याच्या आवाजाने संपायचा. मधल्या वेळात कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, तव्यावर भाजलेले सुके बोंबील, आणि दोन मुली नि एक मुलगा यांची भांडणं. बोंबलाचा वास माझ्या ऑफिसच्या शर्टाला लागायचा म्हणून मी कुरकुर करायचो. ती माझा शर्ट बाहेरच्या दांडीवर नेऊन टाकायची.

आमच्या घरात एक रीत होती. आईसमोर वैनी दादाशी थेट बोलत नसे. नाव घ्यायचा तर प्रश्नच नव्हता. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. ‘भावजीनू, तेंका सांगा, पाणी तापलाहा.’ दादा तिथेच, हाताच्या अंतरावर बसलेला असायचा. मी म्हणायचो, ‘दादा, पाणी तापलंय.’ मग तो उठायचा. कधी मी कंटाळून म्हणायचो, ‘ऐकलंस ना रे? का मी परत सांगू?’ त्यावर आईसकट सगळे हसायचे. पण रीत काही मोडली नाही. मी घरातला धाकटा, बिनलग्नाचा, दोघांचे निरोप इकडून तिकडे करणारा. त्या वयात मला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. आज वाटतं, माझ्या उभ्या आयुष्यातलं ते सर्वांत जबाबदारीचं काम होतं.

मी नुकता बी.कॉम. होऊन एका ऑफिसात लागलो होतो आणि संध्याकाळी एकांकिकांच्या तालमी करायचो. एका स्पर्धेत देवस्थळी बाईंनी माझा आवाज ऐकला. त्या रेडिओवर श्रुतिका बसवायच्या. कुटुंबकल्याणाची एक मालिका करायची ठरली होती, आठवड्यातून एकदा, संध्याकाळी. त्यात गोपाळ नावाचा गिरणगावातून उपनगरात आलेला कामगार, त्याची बायको सुशीला आणि त्यांची मुलं. गोपाळ आधी अडमुठा असतो, मग हळूहळू त्याला उमजत जातं. पाळणा लांबवणं, बाळंतपणातला अशक्तपणा, डॉक्टरांकडे कधी जायचं, हे सगळं नवराबायकोच्या बोलण्यातून यायचं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक डॉक्टर काचेपलीकडे बसून एकेक ओळ तपासायचे. ‘नसबंदी’ हा शब्द त्यांनी पहिल्याच दिवशी खोडला. म्हणाले, ‘हा शब्द ऐकला की लोक रेडिओ बंद करतात. आणीबाणीत काय झालं ते कोणी विसरलेलं नाही.’ त्याजागी ‘पुरुषाची छोटी शस्त्रक्रिया’ आलं. ती कशी करतात, किती वेळ लागतो, नंतर काय जपायचं, हे त्यांनी मला शेजारी बसवून समजावलं, कारण गोपाळच्या तोंडी ते चुकीचं जाता कामा नये. मला ते सगळं तोंडपाठ झालं.

चाळीत आधी मजाच झाली. पहिला भाग लागला तेव्हा आईने आवाज इतका बारीक केला की तिलाच ऐकू येईना. मुलं नाक्यावर मला अडवायची. ‘काय गोपाळराव, यंदा पाळणा हलणार का?’ परबांचा बाळ्या, माझा दोस्त, तर सगळ्यांसमोर ओरडायचा, ‘दत्त्या, लग्नाआधीच वाट लागली रे तुझी! तुला पोरगी कोण देणार आता?’ पण तीन-चार आठवड्यांत बायका आमच्या दारात जमू लागल्या. कोणी तांदूळ निवडायला घेऊन यायची, कोणी मुलाला मांडीवर घेऊन. पुरुष बाहेरच्या कट्ट्यावर बसायचे, आपलं लक्ष नाही असं दाखवत. दादा दाराच्या चौकटीला टेकून विडी ओढायचा. आमच्या खोलीत माझा आवाज रेडिओतून यायचा आणि मी स्वतः कोपऱ्यात बसून तो ऐकायचो. मी फार खूश होतो हे कबूल करायला हवं.

वैनी नळावर पडली ती त्याच सुमारास. धाकटा दूध पीत होता, आणि त्याच्या आधीच्या मुलीपासून तिच्या अंगात काही राहिलंच नव्हतं. भरलेली कळशी उचलली आणि ती तशीच खाली बसली, मग आडवी झाली. कळशी घरंगळत उतारावरून खाली गेली, तिचा आवाज सगळ्या चाळीने ऐकला. परबकाकूंनी तिला उठवून आणलं. दुसऱ्या दिवशी काकूंबरोबरच ती पालिकेच्या दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली आणि सांगितलं, आता आणखी मूल नको, जीवावर बेतेल. तुमचं ऑपरेशन इतक्यात करता येणार नाही, आधी अंगात रक्त भरायला हवं. नवऱ्याला घेऊन या, त्यांचं काम सोपं आहे.

एका रविवारी दुपारी आई देवळात गेली होती, दादा कट्ट्यावर पत्ते खेळत होता. वैनी सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘भावजीनू, तेंका एक सांगशात?’

‘काय सांगू?’

‘डाक्टरीण काय बोलली ता.’ मग सुपातला खडा बाजूला टाकून म्हणाली, ‘माझ्या आंगात आता चौथ्यासाठी रगात नाय. इतक्याच सांगा.’

‘तूच सांग ना गं वैनी. हे मी कसं सांगू?’

‘मी सांगान बघलंय. हसान बाजूक झाले. तुमचा ऐकतीत. तुम्ही रेडिओर किती बरा सांगतास.’

मी म्हणालो, ‘बघतो.’ तिने सूप झटकलं. तिचा विश्वास बसला होता. घरातला एकही निरोप आजवर माझ्याकडून पोचायचा राहिला नव्हता.

मी सांगितलं नाही. रोज ठरवायचो, आणि दादा समोर आला की भलतंच काही बोलायचो. थोरल्या भावाशी त्या विषयावर बोलायचं म्हणजे त्याच्यासमोर उघडं उभं राहण्यासारखं वाटायचं. माइकसमोर मी तेच सहज बोलत होतो, कारण तिथे मी गोपाळ होतो आणि समोर कोणी नव्हतं.

आणि एक गोष्ट, जी मी आजवर कोणालाच सांगितली नाही. त्या आठवड्यात दादाने स्वतःहून विषय काढला होता. सकाळी खिडकीला आरसा टांगून तो दाढी करत होता. आरशातच बघत म्हणाला, ‘काय रे, त्या तुझ्या गोपाळने ते करून घेतलं, तर परत कामावर कधी जाईल?’

‘कुठला गोपाळ?’

‘अरे तोच, रेडिओवरचा. म्हणजे बघ, एखाद्याचं वजन उचलायचं काम असलं तर? घण मारायचं?’

मला उत्तर पाठ होतं. डॉक्टरांनी अगदी हाच प्रश्न मला समजावला होता. थोडे दिवस जड काम नाही, मग सगळं पहिल्यासारखं, ताकद कुठेही जात नाही. गोपाळ ते पुढे एका भागात बोलणारच होता. मी म्हणालो, ‘दादा, ते नाटक आहे रे.’ आणि हसलो.

दादाही हसला. ‘हां. नाटकच ना,’ म्हणाला आणि गालावरचा फेस टॉवेलने पुसला. अर्धी दाढी तशीच राहिली होती, ती त्याला नंतर परत करावी लागली.

देवस्थळी बाईंची एक पद्धत होती. ध्वनिमुद्रण झालं की त्या आम्हाला कँटीनमध्ये बसवायच्या आणि पुढच्या भागाबद्दल विचारायच्या. लेखक फार शुद्ध लिहायचे. सुशीलेच्या तोंडी ‘मला अशक्तपणा जाणवतो आहे’ असलं काहीतरी असायचं. बाई माझ्याकडे वळायच्या, ‘दत्ता, तुमच्या चाळीतली बाई हे कसं म्हणेल?’ मी सांगायचो आणि लेखक लिहून घ्यायचे. सगळे माझ्याकडे बघायचे. त्या दिवशी सुशीला नवऱ्याला पहिल्यांदा स्पष्ट सांगते तो प्रसंग होता. बाईंनी विचारलं आणि माझ्या तोंडून वैनीचं वाक्य निघालं. लेखकांनी ते लगेच लिहून घेतलं. बाई म्हणाल्या, ‘हे वाक्य कोणाला लिहायला बसून सुचत नाही.’ मग मला थांबता आलं नाही. मी नळावरचं पडणं सांगितलं, घरंगळत गेलेली कळशीही सांगितली. कळशीचा आवाज रेडिओवर छान येईल म्हणून बाई खूश झाल्या.

घरी परतताना मी स्वतःला समजावलं की मी निरोपच पोचवतो आहे. दादा चौकटीला टेकून ऐकेल, त्याला कळेल, आणि मला काही बोलावं लागणार नाही. मला हे तेव्हा हुशारीचं वाटलं होतं.

तो भाग लागला तेव्हा आमचं दार नेहमीसारखं बायकांनी भरलं होतं. आधी कळशीचा आवाज आला. लांबपर्यंत घरंगळत जाणारा, अगदी आमच्या उतारावरचा. परबकाकूंनी तोंडावर हात ठेवला. मग सुशीला म्हणाली, ‘माझ्या अंगात आता चौथ्यासाठी रक्त नाही हो.’ कोणीतरी बाई मागून बोलली, ‘अगो बाय, ही तर आमची सुमन!’ वैनीचं नाव सुमन. एक-दोघी हसल्या, वाईट मनाने नाही, ओळख पटल्यावर माणूस हसतो तसं. बाहेरच्या कट्ट्यावरून आवाज आला, ‘काय शांत्या, मग कधी जातोस कापायला?’ तिथे मात्र सगळे खदखदून हसले. दादाने विडी चौकटीवर विझवली, आत आला आणि रेडिओचं बटण फिरवलं. माझा आवाज अर्ध्या शब्दावर तुटला. बायका एकेक करून उठल्या.

दार लावून दादाने वैनीकडे पाहिलं. आईसमोर तो तिच्याशी पहिल्यांदाच थेट बोलत होता. ‘घरातलं बाहेर कोणी सांगितलं?’

वैनीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नेहमी निरोप सांगताना बघायची तसंच, आता भावजी सांगतील अशा नजरेने.

मी म्हणालो, ‘मला काय माहीत? लेखक लिहितात. मी नुसतं वाचतो.’

आई म्हणाली, ‘परबीण गेलेली ना हिच्यावांगडा दवाखान्यात. गावभर केल्यान असतला तिनाच.’ वैनी खाली बसली आणि तांदळाचं सूप पुढे ओढलं. तांदूळ निवडून झालेले होते, तरी ती ते पुन्हा निवडत राहिली. दादा म्हणाला, ‘आता तर मुळीच नाही. मेलो तरी नाही.’ कशाबद्दल ते त्याने सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही. मी जेवलो. पिठी होती. मला चव आठवते, आणि पोटभर जेवलो हेही आठवतं.

त्यानंतर आमच्या घरी तो कार्यक्रम लागला नाही. परबकाकूंशी बोलणं बंद झालं. त्या बिचाऱ्यांनी कोणाला काहीच सांगितलं नव्हतं. वैनीने माझ्याकडे निरोप देणंही बंद केलं. पाणी तापलं की थोरल्या मुलीला सांगायची. घरात कोणी मोठ्याने भांडलं नाही. मी ऑफिसला जात होतो, मालिका चालू होती. काही महिन्यांनी वैनीला दिवस गेले. मला आईकडून कळलं. मी ‘बरं’ म्हणालो.

मालिकेचा शेवटचा भाग आम्ही तेव्हाच मुद्रित केला. गोपाळ शस्त्रक्रिया करून घरी येतो, त्याआधी सुशीला खूप आजारी पडून बरी झालेली असते, आणि दारातच उभा राहून तो तिला म्हणतो, ‘सुशीला, चुकलं माझं. तू सांगितलंस तेव्हाच मी ऐकायला हवं होतं.’ ते वाक्य मी पहिल्या खेपेलाच असं बोललो की बाईंनी काचेपलीकडून हात वर केला आणि परत घ्यायला नको म्हणाल्या. सुशीलेचं काम करणाऱ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्या मनात तेव्हा काय आलं हे मी बरेचदा आठवून पाहिलं. काहीच आलं नव्हतं. सुटे कागद गोळा करून मी टेबलावर ठेवले.

वैनीला सातव्या महिन्यातच प्रसूतिगृहात न्यावं लागलं. दादा आणि मी बाकावर बसलो होतो. समोरच्या भिंतीवर हसऱ्या कुटुंबाचं चित्र होतं, आई, बाप आणि दोन मुलं. रक्त हवं म्हणून दादा आत गेला, त्याचं जुळलं नाही. माझं जुळलं, ते घेतलं. बाळ रडल्याचा आवाज मात्र आला नाही. मला स्टुडिओतल्या त्या बाई आठवल्या, पदर धरून रडणाऱ्या, आणि मग बराच वेळ मी भिंतीवरच्या चित्रातल्या मुलीच्या रिबिनीकडे बघत राहिलो. वैनी वाचली. पिशवी काढावी लागली. दादा बाकावरून उठला, पुन्हा बसला आणि म्हणाला, ‘दत्त्या, मला कोणीतरी नीट सांगायला हवं होतं रे.’ मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं मी धीर देतो आहे.

विश्रांतीसाठी वैनी धाकट्याला घेऊन गावी गेली आणि तिथेच राहिली. दादा सुट्टीत जायचा. पुढच्या गणपतीत मूर्ती दुसऱ्याने आणली. दादाने कधी कोणाला दोष दिला नाही. काही वर्षांपूर्वी तो वारला. माझं लग्न झालं, आम्ही मुलुंडला आलो. रेडिओ मी त्या मालिकेनंतर सोडला. लोकांना सांगतो की ऑफिसात बढती मिळाली म्हणून.

दादाच्या वर्षश्राद्धाला मी गावी गेलो, ती वैनीची शेवटची भेट; तेव्हा ती पार म्हातारी झाली होती, पण कान आणि नजर शाबूत. पडवीत ती कोकमं फोडत बसली होती, बोटं लाल झाली होती. मुंबईहून निघताना मी वाक्य ठरवून आलो होतो, एसटीत ओठातल्या ओठांत म्हणूनही पाहिलं होतं. मी समोर बसलो. तिने पाणी दिलं, गूळ दिला, माझ्या नातवाची चौकशी केली. मग कोकम बाजूला ठेवून म्हणाली, ‘भावजीनू, एक इचारू? केव्हापासना इचारीन म्हणतय.’

‘विचार ना.’

‘तुमच्या त्या गोपाळाचा मगे काय झाला? आमचो रेडिओ बंदच रवलो. माका शेवट गावलोच नाय.’

तिच्या चेहऱ्यावर दुसरं काही नव्हतं. तिला खरोखरच गोष्टीचा शेवट हवा होता. मी म्हणालो, ‘केलं त्याने. शेवटी स्वतःहून गेला आणि करून आला.’

‘आणि ती? बायल त्याची?’

‘ती बरी झाली.’

वैनी हसली. ‘बरा झाला. शाणो होतो तो,’ म्हणाली आणि पुन्हा कोकमाला हात घातला. ‘घराकडे इल्यार तिका काय बोललो?’

ती वाट बघत होती. वाक्य माझ्याजवळ होतं, एकदा सगळ्या मुंबईने ऐकलेलं, जसंच्या तसं. मी पाण्याचा तांब्या उचलला, दोन घोट प्यायलो आणि म्हणालो, ‘आता आठवत नाही गं वैनी. फार वर्षं झाली.’